सतरा वर्षं पाण्यातले देव

परीक्षेचा निकाल असो की निवडणुकीचा, लोक सहज बोलून जातात, "आम्ही देव पाण्यात घालून बसलोय." बोलणाऱ्या शंभरातल्या एकानंही देव्हाऱ्यातले देव उचलून खरोखर पाण्यात ठेवलेले नसतात. मी ठेवले होते. तांब्याच्या घंगाळात, एक दिवस नाही, दोन दिवस नाही, सतरा वर्षं. त्या सतरा वर्षांत माझी श्रद्धा अढळ होती असं सांगितलं तर ते खोटं होईल. देव आहे का, असला तर त्याला ऐकू येतं का, हेही मला माहीत नव्हतं. मी फक्त रागावलेली होते. रोज सकाळी देवांचं पाणी बदलताना मी त्यांना जाब विचारत असे. अनुभव लिहायला बसलं की माणसं स्वतःला फार सोज्वळ करून दाखवतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवते.

आमचं गाव केज तालुक्यात, युसूफ वडगावच्या पुढं. माझे यजमान हवाई दलात वैमानिक होते. आमच्या भागातून दिवाळीनंतर गाड्या जुंपून ऊस तोडायला जाणारी माणसं पुष्कळ, पण विमान चालवायला गेलेला हा एकच. अंबाजोगाईला शिकले, कुठल्याशा परीक्षा दिल्या आणि निवड झाल्यावरच घरी सांगितलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. त्यांचा जीव टांगणीला. पहिल्या सुट्टीत यांना समोर बसवून विचारलं, "पडत न्हाई का रं ते?" हे हसून म्हणाले, "विमान म्हंजी वरची बैलगाडी, आई. कासरा हातात घट आसला की काय बी होत न्हाई." तेवढ्यावर आत्याबाईंचं समाधान झालं. आकाशात कुठं घरघर ऐकू आली की त्या हातातलं काम टाकून अंगणात यायच्या आणि वर बघून म्हणायच्या, "कासरा घट धर रे बाबा." लढाई लागली तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम अकरा महिने झाले होते. त्यातले सगळे मिळून सव्वा महिना मी यांच्या सोबत राहिले असेन.

एकाहत्तरची लढाई थांबली. चावडीवरच्या रेडिओवर विजयाच्या बातम्या लागत होत्या, गावात पेढे वाटले गेले. त्यानंतर काही दिवसांनी तार आली. इंग्रजी होती, म्हणून शाळेच्या मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी दोनदा वाचली आणि खाली बघून म्हणाले, "बेपत्ता आहेत." आत्याबाईंनी ऐकलं आणि सुटकेचा श्वास सोडला. "पत्ता न्हाई म्हंजी बदली झाली आसंल. कळवील की नवा पत्ता, एवढं त्वांड पाडायला काय झालं?" मास्तरांची जीभ उचलेना. मी सातवीपर्यंत शिकलेली, शिवाय मास्तरांचं तोंड मला दिसत होतं. मला कळायचं ते कळलं होतं, पण मीही गप्प राहिले. पुढं दोन महिने आत्याबाई साऱ्या गावाला सांगत फिरल्या की पोराची बदली झाली, अजून पत्ता यायचाय. लोक ऐकून घ्यायचे. एकानंही तोंडावर खरं सांगितलं नाही, याबद्दल मी गावाचे उपकार मानते.

मग एका बाजाराच्या दिवशी कुणीतरी त्यांना त्या शब्दाचा अर्थ सांगितला. त्या घरी आल्या, पाणी प्यायल्या. मला वाटलं आता कोसळतील. त्या म्हणाल्या, "बेपत्ता म्हनलंय ना? मेला तं न्हाई म्हनलं." मी उठले. देव्हाऱ्यातून तुळजाभवानीचा टाक काढला, खंडोबाचा टाक काढला, महादेवाची पिंड आणि रांगता बाळकृष्ण काढला आणि सगळ्यांना पाण्यानं भरलेल्या घंगाळात ठेवलं. "यांना सांभाळा आणि घरी आणा," मी म्हटलं. "तोवर तुम्ही पाण्याबाहेर यायचं नाही." ही भाषा देवाशी बोलायची नव्हे, हे मला माहीत होतं. आत्याबाई मागं उभ्या होत्या. त्यांनी मला आवरलं नाही.

देव पाण्यात गेले आणि गावातलं पाणी गेलं. बहात्तरच्या दुष्काळाबद्दल खूप लिहून झालेलं आहे, मी वेगळं काय सांगू. आडाचा तळ दिसला, मग तळाला भेगा पडल्या. आम्ही घरच्या सगळ्या जणी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायचो. टँकर यायचा तेव्हा घरटी एक घागर मिळायची. त्या एका घागरीतलं तांब्याभर पाणी मी रोज देवांना घालत होते. आदल्या दिवशीचं पाणी आम्ही वाया घालवत नव्हतो, त्यात हातपाय धुऊन उरलेलं म्हशीला द्यायचो. तरी लोकांच्या डोळ्यांत ते घंगाळ सलत होतं.

शेवंता माझ्यासोबत खडी फोडायची. तिची दीड वर्षाची लेक तापानं फणफणली होती आणि त्या दिवशी टँकर आलाच नव्हता. दुपारी ती लेकराला खांद्यावर टाकून, रिकामी कळशी घेऊन आमच्या दारात उभी राहिली. "तुमच्या देवाला घंगाळभर पानी हाय अक्का, आन् माझ्या लेकीच्या घशाला कोरड पडलीय. कशापायी देवाला पायजे एवढं?" मला भयंकर राग आला. राग तिचा नव्हता. ती खरं बोलली होती आणि ते मला आधी सुचायला हवं होतं, त्याचा राग होता. मी घंगाळ उचललं, फडक्यातून गाळून सगळं पाणी तिच्या कळशीत ओतलं, थेंबही मागं ठेवला नाही. देव घंगाळाच्या कोरड्या तळावर खडखडले.

संध्याकाळी धाकटे दीर शेतावरून आले. मी त्यांना भावजी म्हणायची. घंगाळ बघून म्हणाले, "मोडली ना शपथ? आता काढा वैनी त्यास्नी भाईर." मी म्हटलं, "मी मोडली न्हाई. पान्यात ठेवलं ते मी ठेवलं. आता पानी आनायचं काम त्यांचं. बसू द्या कोरडे, आमी बी बसलोत की." खरं सांगायचं तर मी घाबरले होते. शपथ मोडली असेल आणि त्याचं यांना तिकडं काही झालं तर, हा विचार जात नव्हता. पण घाबरले असं देवांना दाखवायचं नाही, एवढं मी ठरवलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. आमच्या घागरीतलं घालावं की न घालावं या विचारात मी उंबऱ्यात बसले होते. तेवढ्यात शेवंता आपली घागर घेऊन परत जाताना थांबली. आत आली, आपल्या घागरीत हात घातला आणि एक ओंजळ घंगाळात सोडली. तिची लेक सकाळी डोळे उघडून भाकरीचा तुकडा मागत होती म्हणे. तिच्या मागून तिची जाऊ आली, तिनंही एक ओंजळ टाकली. मग कोपऱ्यावरची हलीमाबी आली. तिनं दारातूनच विचारलं, "मी टाकलं तर चालंल का गं?" आत्याबाई म्हणाल्या, "त्येला काय कळतंय पानी कुनाचं ते? टाक." त्या दिवशी टाकांच्या पायापर्यंत पाणी आलं. मी कुणाला सांगितलं नव्हतं, शेवंतानंही नाही. पण त्या दिवसापासून पाऊस पडेपर्यंत टँकरवरून परतणाऱ्या बायका आमच्या दारात थांबत आणि ओंजळ टाकून जात. मला तेव्हा वाटलं, मी देवाला हरवलं, भरायला लावलं पाणी. कुणी कुणाला भरायला लावलं ते मला फार उशिरा कळलं.

दुष्काळ सरला. पुढं आमच्या भागात साखर कारखाना उभा राहिला, सहकारी. शेअर घेतलेले शेतकरी फेटे बांधून पहिला गळीत हंगाम बघायला गेले. गावात प्यायला पाणी नाही आणि शिवारात ऊस, असं आमचं चालू झालं. भावजी हुशार, बोलायला पटाईत, ते बघता बघता कारखान्याचे संचालक झाले. घरात माणसांची ये-जा वाढली. माझं मात्र कुणाला काय करावं ते कळेना. मी कुंकू लावत होते, मंगळसूत्र घालत होते. हळदीकुंकवाला बोलवावं तर पंचाईत, न बोलवावं तर पंचाईत, म्हणून बायका माझ्या दारावरून पुढं जायच्या. पहिल्या वर्षी मी रडले. दुसऱ्या वर्षीपासून न बोलावता जायला लागले आणि सगळ्यांच्या पुढं जाऊन बसायला लागले. "लावा," म्हणायचे. लावायच्या बिचाऱ्या.

बारावं वर्ष लागलं तशी भावकीत कुजबुज सुरू झाली. आमच्याकडं माणूस बारा वर्षं सापडला नाही की त्याला गेला असं धरतात. पळसाच्या पानांचा पुतळा करायचा, त्याला त्या माणसाचं नाव द्यायचं, मंत्र म्हणायचे आणि अग्नी द्यायचा. मग दिवस करायचे, बायकोचं कुंकू पुसायचं आणि सगळ्यांनी सुटायचं. भावजींनी हे मनावर घेतलं. ते दुष्ट होते असं मी म्हणणार नाही, भावावर त्यांचा जीव होता. पण त्यांना दोन पक्षी एकाच दगडात मारायची सवय लागली होती. कारखान्याची निवडणूक तोंडावर होती. "वैनी, दादाचं नाव ऱ्हाईल," ते म्हणाले. "वेशीवर कमान बांधतो हुतात्म्याची. चेअरमनसायब येनार हायत, तालुक्याची मानसं येनार हायत. कारखान्याच्या ट्रकातनं सजवून न्यायचं. असा मान कुनाला भेटतो?" मी विचारलं, "नेणार काय? पानं?" ते उठून गेले. मला विचारायला ते आलेच नव्हते, सांगायला आले होते.

त्या सकाळी अंगणात पळसाच्या पानांचा ढीग पडला होता. बालाघाटाच्या डोंगरातून पाट्या भरून आणलेली, रुंद, हिरवी पानं. वेशीत मांडव, दारात झेंडू लावलेला ट्रक. सभेनंतरच्या जेवणासाठी मागच्या परसात भात आणि वांग्याची भाजी रटरटत होती. भटजी पाटावर बसून पानं निवडत होते. साधा, भला माणूस. मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि विचारलं, "भटजीबुवा, पुतळा जाळला आणि मागनं माणूस परत आला तर?" भटजी म्हणाले, "त्याची सोय शास्त्रात आहे बाई. त्याला नव्यानं जन्म द्यायचा. बारसं करायचं, सगळे संस्कार पुन्हा करायचे, शेवटी स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं." ऐकून मला हसू आलं. मी म्हटलं, "लग्नाला मी केव्हाही तयार हाय. पण जाळायला न्हाई."

मग मी ढिगातलं एक पान उचललं. त्यावर दुसरं ठेवलं, काडी टोचली, तिसरं जोडलं. पत्रावळ लावायला आम्हाला शिकवावं लागत नाही, लहानपणापासून हात बसलेला असतो. भटजी बघत राहिले. भावजी ओरडले, "वैनी, काय चालवलंय?" एक पत्रावळ झाली, दुसरी घेतली. तेवढ्यात भिंतीला धरून आत्याबाई बाहेर आल्या. त्यांना तेव्हा नजरेनं जवळजवळ दगा दिला होता. माझ्याजवळ बसल्या, चाचपून पानं घेतली आणि म्हणाल्या, "काड्या इकडं सरकव." मग शेवंता आली. तिच्या मागून बायका आल्या, ज्यांनी बारा वर्षं मला हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं त्यासुद्धा. तासाभरात अंगणात एक पान शिल्लक राहिलं नाही. भटजींनी पंचांग गुंडाळलं आणि सरळ म्हणाले, "पानंच संपली. मी विधी कशाचा करू?"

चेअरमनसाहेब आले तेव्हा मी त्यांच्यापुढं पत्रावळ मांडली. "बसा. माझे यजमान आले की पुन्हा बोलावीन, आज एवढं गोड मानून घ्या." पांढऱ्या मिशांचा कसलेला पुढारी, त्यानं माझ्याकडं बघितलं, पत्रावळीकडं बघितलं आणि मांडी घालून बसला. तो बसल्यावर तालुका बसला. गर्दी पोटभर जेवून गेली. सगळे गेल्यावर भावजी म्हणाले, "चार मानसांत माजं नाक कापलंत वैनी." त्यानंतर ते दोन वर्षं माझ्याशी बोलले नाहीत.

गावात माझ्या हिमतीची गोष्ट झाली, पण संध्याकाळी दिवा लावताना माझ्या मनात दुसरंच चालू होतं. मी एका माणसाला जाळू दिलं नाही, ठीक. पण तो खरंच गेला असेल तर? त्याची पुढची वाट मीच अडवून धरली असेल तर? ही माया की माझा हट्ट? घंगाळातल्या देवांना मी विचारलं. पाण्याखालून ते माझ्याकडं बघत राहिले. तसं एकटं मला दुष्काळातही वाटलं नव्हतं.

सतराव्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, दुपारी दारात जीप थांबली. हवाई दलाचा एक तरुण अधिकारी उतरला, नागपूरकडचा, मराठी बोलणारा. खुर्ची आणली तर बसला नाही, ओट्यावर आत्याबाईंच्या पायाशी बसला. त्याचा बसण्याचा प्रकार बघूनच मला कळलं. आत्याबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "पत्ता लागला का?" तो म्हणाला, "लागला, आई." मग त्यानं सावकाश सांगितलं. पूर्वेकडच्या डोंगरांत, दाट जंगलात बांबू तोडायला गेलेल्या लोकांच्या बोलण्यातून विमानाचा माग लागला होता. पण यजमान विमानात नव्हते. थोड्या अंतरावर त्यांना पुरलेलं होतं, नीट, वर दगड रचून, भोवती बांबूचं कुंपण घालून. गळ्यातल्या बिल्ल्यावरून ओळख पटली होती.

"कुणी पुरलं?" मी विचारलं. तिथं वरच्या अंगाला एक छोटी वस्ती आहे, तो म्हणाला, रस्त्यापासून चार दिवसांच्या चालीवर. लढाईच्या दिवसांत तिथल्या एका बाईला ते सापडले, तेव्हा प्राण गेलेला होता. तिनं आणि तिच्या घरच्यांनी माती दिली. खाली येणाऱ्या एका व्यापाऱ्याला त्यांनी सांगूनही बघितलं, त्यानं ते मनावर घेतलं नाही. रानडुकरांनी उकरू नये म्हणून त्या बाईनं कुंपण घातलं. बांबू तिकडच्या पावसात दोन वर्षांत कुजतो, म्हणून ती दर दोन वर्षांनी ते नवं करायची. "आम्ही विचारलं, आजी, ओळख ना पाळख, एवढं का केलंत? त्या म्हणाल्या, कुणाचा तरी मुलगा आहे, न्यायला येतील. आल्यावर जागा सापडायला नको का?"

मी उठून आत गेले. मला रडायचं नव्हतं, भांडायचं होतं. घंगाळापुढं उभी राहून मी देवांना वाट्टेल ते बोलले, जे इथं लिहिता येणार नाही. मी सतरा वर्षं कुंकू लावलं आणि तो लढाईच्या दिवसांतच गेलेला? मला एवढी वर्षं वेड्यात काढलं? बोलून बोलून दम लागला, तेव्हा माझेच शब्द मला आठवले. मी मागितलं काय होतं? सांभाळा आणि घरी आणा. जिवंत आणा असं मी म्हटलंच नव्हतं. तो शब्द मी मुद्दाम टाळला होता, कारण तो उच्चारला असता तर दुसराही शब्द असतो हे मान्य करावं लागलं असतं. मी मागितलं ते अक्षरनअक्षर झालं होतं. सांभाळलं होतं. घरी आणत होते. मी इथं खडी फोडत होते, भांडत होते, पत्रावळी लावत होते, तेव्हा तिकडं माझी भाषा न येणारी एक बाई कोयता घेऊन दर दोन वर्षांनी बांबू तोडत होती. तिला कुणी सांगितलं? हे मी आजवर पुष्कळांना विचारलं. काही म्हणाले देवानं, काही म्हणाले माणुसकीनं. मला दोन्ही एकच वाटतं आणि त्यावर मी वाद घालत नाही. मी पूर्वेकडं तोंड केलं आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा हात जोडले. तिला जोडले.

हे घरी आले ते तिरंग्यात गुंडाळलेल्या लहानशा पेटीतून. भावजी दोन दिवस आधीपासून अंगणात बसून होते, खाल्लेलं नव्हतं. तरी सवय सुटत नाही. गाडी वेशीत आल्यावर त्यांनी विचारलं, "आदी कारखान्यावर घिऊन जाऊ का? मानसं जमलीत लई." अधिकाऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "आधी घर. घरी आणा असंच ठरलंय." भावजी पुढं झाले, पेटी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि अंगणात येईपर्यंत लहान पोरासारखे हुंदके देत राहिले. आमचं भांडण तिथंच मिटलं. पेटी ओसरीवर ठेवली. मी घंगाळापाशी गेले, एकेक देव बाहेर काढला, कोरड्या फडक्यानं पुसला आणि देव्हाऱ्यात बसवला. बाळकृष्णाच्या गुडघ्यावर हिरवा थर चढला होता, तो चिंचेनं घासला. सतरा वर्षांचा हिशोब माझ्याकडून पुरा झाला होता, त्यांच्याकडूनही.

बायका मसणात जात नाहीत. मी गेले. कुणी अडवलं नाही, अडवून उपयोग नाही हे गावाला एव्हाना माहीत होतं. बंदुकांच्या फैरी झाल्या, भावजींनी अग्नी दिला. मी डोळे मिटले नाहीत. पानांच्या पुतळ्याला नाही, यांना अग्नी मिळाला, आणि जी वाट मी अडवली असेल असं वाटत होतं ती माझ्या डोळ्यांसमोर मोकळी झाली. तेव्हा मला शरण जाणं म्हणजे काय ते थोडंसं कळलं. मान टाकून गप्प बसणं म्हणजे शरण जाणं असं मी समजत होते, म्हणून ते मला कधी जमलं नाही. आपण आपलं टोक सोडायचं नाही आणि दुसऱ्या टोकाला कोण धरून आहे याची चौकशी करायची नाही, एवढंच ते असावं. मी सोडलं नाही. तिकडून तिनंही सोडलं नाही. मधलं सगळं ज्याचं होतं त्यानं बघितलं.

घरी परतलो तेव्हा ओसरीवर भावकीतल्या बायका जमल्या होत्या. रीतच आहे ती. एका म्हातारीनं मला पाटावर बसवलं, माझा हात ओढून उंबऱ्यावर ठेवला. बांगड्या फोडायला दगड तिच्या पदराखाली होता. आयुष्यभर भांडलेली मी, त्या घटकेला माझ्यात बोलायचं त्राण उरलं नव्हतं. मनात देवाला म्हटलं, होऊ दे आता तुझ्या मनासारखं. मी हात तसाच ठेवला.

म्हातारीनं दगड उचलला. आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. काकणांचा आवाज झाला असेल, त्या सरकत आल्या, चाचपडत माझ्या मनगटावर दोन्ही हात ठेवले. दगड आता त्यांच्या हातावर पडला असता.

"काय करतीस गं?" त्या म्हातारीला म्हणाल्या. "लेक घरी आलाय माझा. घरी आलेल्याच्या बायकोची काकनं फोडतात व्हय?"

म्हातारीनं दगड बाजूला ठेवला. आत्याबाईंचे हात माझ्या मनगटावर तसेच होते. मी त्यांच्या मांडीवर डोकं टेकवलं आणि सतरा वर्षांचं रडून घेतलं.